गळती

सकाळी साडेसहाच्या सुमारास, ज्या वेळी सभ्य गृहस्थ वर्तमानपत्र उघडून चहाच्या दुसऱ्या पेल्याची वाट पाहत असतात त्या वेळी, गेल्या वर्षी कित्येक महिने मी न्हाणीघराच्या उंबऱ्यावर उकिडवा बसून एक हिरवा गोळा बादलीत दोन्ही हातांनी दाबून धरलेला असे, आणि त्यातून निघणारे बुडबुडे केव्हा थांबतात याची श्वास रोखून प्रतीक्षा करीत असे. बुडबुडे थांबले म्हणजे गोळ्याच्या अंतर्भागातील हवा निघून तिच्या जागी पाणी शिरले आणि त्याची तृषा शमली, असे यातले शास्त्र सांगते. शास्त्राला त्यासाठी पाच-दहा मिनिटे पुरतात. परंतु माझा गोळा स्वभावतःच संशयी असल्यामुळे, थांबला थांबला म्हणावे तो पुन्हा एक बुडबुडा सोडीत असे.

"झाले का?" बाहेरून सौभाग्यवती विचारीत.

"अजून एक येतो आहे."

"कालही तुम्ही हेच म्हणालात. मला आंघोळ करून साडेसातची बस गाठायची आहे."

"मग दुसरी बादली घे ना."

"दुसरीत तुमचे पाणी शिळे होत ठेवले आहे!"

हा आरोप खरा होता. नळाच्या पाण्यातील क्लोरीन शेवाळाच्या नाजूक प्रकृतीस मानवत नाही, म्हणून गोळ्याच्या उद्याच्या स्नानाचे पाणी आजच भरून रात्रभर उघडे ठेवावे लागे. अशा रीतीने घरातील दोन बादल्यांपैकी एकीत गोळ्याचा वर्तमानकाळ आणि दुसरीत त्याचा भविष्यकाळ साठविलेला असल्यामुळे, चार माणसांचे कुटुंब पातेल्यांनी आंघोळ करीत असे.

या आपत्तीचे मूळ माझ्या भाचीत आहे. ती गेली तीन वर्षे जपानी भाषा शिकत आहे. पुण्यात प्रत्येक घरी हल्ली एक तरी भाची जपानी किंवा जर्मन शिकत असते, तेव्हा यात तिचा विशेष दोष नाही. एका रविवारी तिने मला सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यानात नेले. ओकायामा शहरातील तीनशे वर्षांच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर ते रचलेले आहे. तेथील जलाशय, कमानदार पूल आणि कातरलेली हिरवळ पाहून मनाला जी प्रसन्नता आली, तिचा फायदा घेऊन भाची म्हणाली,

"मामा, तुम्ही कोकेदामा करा. ना कुंडी, ना जागा, ना खर्च!"

यांतील तिसरा नकार ऐकून मी थांबलो. सतार, टपालाची तिकिटे आणि मधमाशा या तीन छंदांतून मी सुटलो होतो, नव्हे, तिन्ही छंदांनीच मला सोडले होते. मधमाशांनी तर कसलीही पूर्वसूचना न देता. पण बिनखर्चाचा छंद आजवर कोणी सुचविला नव्हता.

'कोके' म्हणजे शेवाळ आणि 'तामा' म्हणजे गोळा. जगत् आणि ईश एकत्र नांदू लागले की तकाराचा जसा दकार होतो, तसाच काहीसा प्रकार जपानी भाषेतही असल्यामुळे तामाचा दामा होतो. जी भाषा संधिनियम पाळते ती परकी कशी म्हणावी, असा विचार मनात येऊन मी निम्मा शरण गेलो. उरलेला निम्मा तिने सांगितलेल्या पूर्वपीठिकेने गेला. बोन्सायच्या घराण्यात 'नेआराई' नावाची एक रीत आहे. झाड वर्षानुवर्षे कुंडीत राहून त्याच्या मुळांनी मातीला इतकी घट्ट मिठी मारली की कुंडी काढून घेतली तरी तिचा आकार तसाच राहतो, आणि मग ते झाड नुसतेच तबकात बसवितात. कोकेदामा हा या रीतीचा गरीब नातलग. १९९० नंतरच्या काळात तो जपानात घरोघरी पोहोचला. ज्याला वर्षानुवर्षे थांबणे शक्य नाही, त्याने झाडाची मुळे चिखलाच्या गोळ्यात घालावी, वरून शेवाळ गुंडाळावे, दोऱ्याने बांधावे आणि झाड फार वर्षांचे असल्याचा आव आणावा! आव आणण्याच्या कलेत मी कधीच मागे पडलो नाही.

चिखल मात्र कोणताही चालत नाही. त्याला सात भाग 'केतो' आणि तीन भाग 'अकादामा' लागतो. केतो म्हणजे दलदलीत बोरू-गवत कुजून तयार झालेली काळी, चिकट माती, आणि अकादामा म्हणजे ज्वालामुखीच्या राखेपासून झालेली तांबूस, दाणेदार माती. ही यादी घेऊन मी रोपवाटिकेत गेलो.

"केतो आहे का?"

"केतू?" मालकाने माझ्याकडे सहानुभूतीने पाहिले. "साहेब, शांतीचं सामान तुळशीबागेत मिळेल."

बऱ्याच खुलाशानंतर त्याने तांबडी माती, शेणखत आणि कोकोपीट एवढाच साठा असल्याचे जाहीर केले. तेव्हा अकादामाच्या जागी तांबड्या मातीची नेमणूक करून, केतोच्या जागी मी आपली देशावरची काळी माती घ्यावयाचे ठरविले. जी माती पावसाळ्यात चपलेला धरून ठेवते, ती झाडाच्या मुळांना सोडील कशी? या अनुमानात एकच न्यून राहिले. काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की भेगाळते, हे चौथीच्या भूगोलात शिकलेले सत्य मी चौथीतच ठेवून आलो होतो. पहिला गोळा तीन दिवसांत दुष्काळी तालुक्याच्या नकाशासारखा दिसू लागला. दुसऱ्यास तसे होऊ नये म्हणून मी त्यात कोकोपीट सढळ हाताने घातले, आणि बादलीत बुडविताच एका मिनिटाच्या आत त्याचे पिठले झाले. वरती नेचाचे रोप तेवढे फोडणीच्या कढीलिंबासारखे तरंगत राहिले.

स्वयंपाकघरातून हा विध्वंस पाहत असलेल्या सौभाग्यवतींना अखेर राहवले नाही.

"अहो, रव्याचे लाडू पाकात घातल्या घातल्या वळतात का कोणी?"

"हा लाडू नाही. हे जपानी—"

"वळायचे ना? मग लाडूच. मुरायला ठेवा."

त्यांनी परातीत माती घेतली, खडे वेचले, पाण्याचे हबके मारीत ती तिंबली, ओल्या फडक्याखाली रात्रभर मुरविली, आणि दुसऱ्या दिवशी तळहातावर मोसंब्याएवढा असा गोळा वळून दिला की त्याला कोठे भेग नाही की खाचखळगा नाही. त्याचे दोन भाग करून मध्ये नेचाची मुळे बसविताना त्यांनी, "सारण जास्त झाले," एवढाच अभिप्राय दिला. मुळांभोवती वाळलेले स्फॅग्नम गुंडाळलेले होते. हे शेवाळ स्वतःच्या वजनाच्या पंधरा-वीसपट पाणी धरून ठेवते. त्याच्या एका पुडीस जी किंमत पडली ती मी घरात कोणालाही सांगितलेली नाही, आणि येथेही सांगणार नाही.

आता राहिले वरचे शेवाळ. वनस्पतिशास्त्राच्या मराठी पुस्तकांत याला 'हरिता' असे, एखाद्या सुविद्य वधूस शोभावे असे नाव दिले आहे. या वधूस मुळे नसतात. जागेला धरून राहण्यापुरते बारीक तंतू असतात, आणि पाणी ती पानांनीच पिते. म्हणजे भाडेकरूंमध्ये जो वर्ग सामान न आणता राहावयास येतो आणि पुढे निघत नाही, त्यातली ती आहे. क्योतो शहरात साइहोजी नावाचे एक मंदिर आहे. १३३९ साली मुसो सोसेकी या झेन आचार्याने त्याची पुनर्रचना केली. तेथील बागेत शेवाळाच्या सुमारे १२० जाती नांदतात, आणि ते पाहण्यास १९७७ पासून आगाऊ अर्ज करून परवानगी घ्यावी लागते. कित्येक वर्षे हा अर्ज टपालाने, जबाबी कार्डावर करावा लागे. गंमत अशी की हे शेवाळ मूळच्या योजनेत नव्हतेच. मंदिराची देखभाल करण्यास पैसा उरला नाही तेव्हा ते आपण होऊन आले, असे सांगतात.

हे ऐकताच माझ्या डोळ्यांपुढे आमच्या इमारतीची पश्चिमेकडील भिंत उभी राहिली. देखभालीच्या अभावात आमची संस्था कोणत्याही जपानी मंदिरास हार जाणारी नाही, आणि श्रावण चालू असल्यामुळे त्या भिंतीवर तळापासून पहिल्या मजल्यापर्यंत मखमल पसरली होती. रात्री अकरा वाजता उलथणे, ताट आणि विजेरी घेऊन मी खाली उतरलो. हातभर तुकडा सुटून ताटात येतो न येतो तोच पाठीमागून वॉचमनचा आवाज आला.

"कोण आहे?"

"मी. दुसऱ्या मजल्यावरचा."

"साहेब, भिंत का पोखरताय?"

"पोखरत नाही. शेवाळ काढतो आहे."

"रात्री अकराला?"

"दिवसा लाज वाटते."

हे उत्तर त्याला पटले, परंतु त्याने वहीत नोंद केली ती केलीच. तिसऱ्या दिवशी चिटणीसांचे पत्र आले. सदरहू सभासदाने संस्थेच्या इमारतीच्या पश्चिम भिंतीवरील अंदाजे दीड चौरस फूट शेवाळ पूर्वपरवानगीशिवाय हस्तगत केले असून, सदर शेवाळ ही सामायिक मालमत्ता असल्याकारणाने सात दिवसांच्या मुदतीत लेखी खुलासा करावा, असा त्यातील हुकूम होता. मी खुलासा केला. हेच शेवाळ सर्व सभासदांकडून वर्गणी काढून खरवडण्याचा ठराव गेल्या सर्वसाधारण सभेत मंजूर झाला आहे, त्या कामाचा दीड चौरस फूट हिस्सा मी विनामोबदला बजावला आहे, तरी माझ्या वर्गणीतून तेवढी वजावट मिळावी, अशी नम्र दरखास्त केली. वजावट देण्याची तरतूद उपविधींत नाही, असे उत्तर आले.

गोळा झाला, हिरवा झाला. आता टांगणे. ही टांगण्याची टूम मूळची जपानी नव्हे. जपानात हे गोळे निमूटपणे तबकात बसतात. त्यांना दोरीने अधांतरी लोंबकळविण्याचा लौकिक फेडोर व्हान डेर व्हाल्क नावाच्या एका डच कलावंताकडे जातो. जपानने दोनशेहून अधिक वर्षे नागासाकीजवळच्या देजिमा या चिमुकल्या बेटावर ज्या एकाच युरोपीय राष्ट्राला व्यापारापुरते राहू दिले, तेही डचांचेच. आमच्या वेंगुर्ल्यासही त्यांची वखार होती. तेथे येऊन ते मिरी घेऊन गेले, एवढ्यावर आपण सुटलो असे मला वाटत होते. परंतु त्यांच्या एका वंशजाच्या कल्पकतेपायी साडेतीनशे वर्षांनी माझ्या दिवाणखान्याच्या छताला चार भोके पडली. पैकी तीन चुकीच्या जागी.

आईने खुर्चीतून वर पाहिले.

"हे शिंके का?"

"तसेच काहीसे."

"शिंक्यात दही असायचे. यात काय आहे?"

"सौंदर्य."

"बरे आहे," आई म्हणाली, "मांजर तोंड घालणार नाही."

बाकीच्यांनी एवढाही समजूतदारपणा दाखविला नाही. दूधवाल्याने दारातूनच नमस्कार केला. शेजारच्या काकूंनी सौभाग्यवतींना बाजूला घेऊन, "कोहळा पार नासलाय हो, येत्या अवसेला बदलून टाका," असे हलक्या आवाजात सुचविले. एका मित्राने नजर लागण्यासारखे आमच्या घरात नेमके काय आहे, असे विचारून चहूकडे पाहिले, आणि ते काही केल्या न सापडल्यामुळे अधिकच कोड्यात पडला.

शिवाय गोळा गळे. बादलीतून काढून कितीही वेळ निथळत ठेवला तरी, पाहुणा आसनस्थ होईपर्यंत एक थेंब तो राखून ठेवी. देखभालीची वर्गणी मागण्यास चिटणीस आले, नेमके गोळ्याखालील खुर्चीवर बसले, आणि पावतीपुस्तक उघडतात तोच त्यांच्या टकलावर थेंब पडला. त्यांनी वर पाहिले. गोळ्याकडे नव्हे, छताकडे. कारण चिटणीसाला पाणी म्हटले की गळतीच दिसते.

"वरच्यांचे न्हाणीघर!" ते गर्जले. "कधीपासून गळते आहे?"

या ठिकाणी सत्यकथन करणे हे माझे कर्तव्य होते. परंतु शेवाळाच्या प्रकरणातील माझा खुलासा दप्तरी दाखल होऊन फार दिवस झाले नव्हते, आणि वरच्या मजल्यावरील निवृत्त तहसीलदारांशी माझे पार्किंगवरून बरे नव्हते. मी म्हणालो, "बरेच दिवस." पुढील आठवड्यात नळकारागिराने तहसीलदारांच्या न्हाणीघरातील फरशा ठोकून पाहिल्या, पंचांसमक्ष माझ्या छताची पाहणी झाली, आणि त्या पाऊण तासापुरता गोळा कपड्यांच्या कपाटात फरारी राहिला. गळती सापडली नाही. कपाटातील माझ्या एकुलत्या एका कोटाला मात्र ती सापडली.

मार्गशीर्षात लग्नासाठी चार दिवस परगावी जाणे आले. आईही बरोबर होती, त्यामुळे कामाला येणाऱ्या बाईंजवळ किल्ली देऊन गोळ्याच्या सेवेची अकरा कलमे मी त्यांना वाचून दाखविली. त्यांतील 'स्वच्छ पाणी' हे दोनच शब्द त्यांच्या लक्षात राहिले असावेत. परत येऊन पाहतो तो दिवाणखान्यात एक गुळगुळीत, तांबडा-काळा गोळा नव्या माठासारखा चमकत होता.

"साहेब, केवढं शेवाळ माजलं होतं!" बाई अभिमानाने म्हणाल्या. "दोन दिवस काथ्यानं घासत होते. आता बघा!"

काय बोलणार? त्या रात्री मी पुन्हा उलथणे घेऊन खाली उतरलो. भिंत आता कोरडी पडली होती. परंतु वॉचमननेच विजेरी धरली आणि मला इमारतीच्या मागे नेले. "इथं पाइप गळतो ना साहेब, इथं बारा महिने असतं." तो पाइप दुरुस्त व्हावा म्हणून दोन वर्षे तगादा लावणाऱ्या सभासदांत माझे नाव पहिले होते. दुसऱ्या दिवशी मी ती तक्रार लेखी मागे घेतली.

चैत्र आला आणि गोळ्याची प्रकृती ढासळू लागली. मी त्याचा रोजनामा ठेविला. सकाळी स्वयंपाकघरातील काट्यावर ६४० ग्रॅम, संध्याकाळी ३९०. सौभाग्यवती म्हणाल्या की मुलांची वजने मी कधी एकदा तरी लिहून ठेवली होती काय. वैशाखात पारा चाळिशीला टेकला, तेव्हा गोळा नारळाच्या शेंडीच्या रंगाचा झाला. मी भाचीला फोन केला.

"मामा, शेवाळ वाळले म्हणजे मेले असे नाही. ते झोपते. जपानात जून-जुलैमध्ये त्सुयु येतो, म्हणजे आलुबुखार पिकण्याच्या दिवसांतला पाऊस. तोवर धीर धरायचा."

"मेला नाही, झोपला आहे," मी घरात जाहीर केले.

"घरात दोघे झाले," सौभाग्यवती म्हणाल्या.

आई मात्र काही बोलली नाही. दुपारी मी उठून पाहतो तो गोळ्याच्या वर, चुकीच्या भोकांपैकी एका भोकात आकडा अडकवून, त्याला देवघरातील तांब्याची गळती टांगलेली होती! उन्हाळ्यात शंकराच्या पिंडीवर लावतात ती. तिच्या बुडाच्या बारीक छिद्रातून दर काही क्षणांनी एक थेंब गोळ्याच्या मस्तकावर पडत होता आणि खाली ठेवलेल्या परातीत निथळत होता.

"अगं, हे काय? हा देव नाही."

"देव नसेल. उन्हाळा तर त्यालाही आहे ना?"

अकरा कलमे, रोजनामा, शिळ्या पाण्याची बादली आणि बुडबुड्यांची मोजदाद यांनी जे साधले नव्हते, ते त्या तांब्याच्या भांड्याने तीन आठवड्यांत साधले. गोळ्यावर हिरवी लव परत आली. क्लोरीनचा प्रश्नही आईने नकळत निकालात काढला होता, कारण गळतीत ती आदल्या दिवशीच्या ताम्हनातील पाणी ओतीत असे. त्या पाण्यात बाळकृष्णाला वाहिलेल्या तुळशीच्या मंजिऱ्या असत, ही गोष्ट माझ्या ध्यानात आली ती ज्येष्ठात, नेचाच्या बुडाशी दोन चिमुकली पाने उगवली तेव्हा.

मी चिमट्याने तण उपटावयास गेलो.

"हात लावू नकोस," आई म्हणाली. "तुळस आहे."

त्या क्षणापासून गोळ्यावरील माझी मालकी संपुष्टात आली. तुळस बादलीत बुडविणे अशक्य, तेव्हा बादल्या मोकळ्या झाल्या. तुळस काट्यावर ठेवणे अशोभनीय, तेव्हा रोजनामा बंद पडला. गोळ्याचे स्थलांतर सज्जाच्या दारात, उन्हाच्या बाजूस झाले. बाई आता त्याला घासण्याऐवजी त्याच्यापुढे उदबत्ती लावतात. नेचा एका कोपऱ्यात पोटभाडेकरूसारखा अंग चोरून राहतो. अधांतरी तुळशीला प्रदक्षिणा घालण्यास तेथे जागा नसल्यामुळे, आई रोज सकाळी हळद-कुंकू वाहून झाल्यावर गोळ्यालाच दोरीवर एक गिरकी देते. हे शास्त्रात बसते का, असे मी विचारले. "तो फिरला काय आणि मी फिरले काय," ती म्हणाली, "माझे गुडघे दुखतात."

परवा, आश्विनात, चिटणीस पुन्हा आले. सज्जातून पश्चिमेच्या भिंतीची पाहणी करावी म्हणून ते दारात उभे राहिले, आणि बरोबर गेल्या वर्षीच्याच जागी, त्यांच्या टकलावर गोळ्याचा थेंब पडला. मी कपाटाच्या दिशेने पाहिले. चिटणीसांनी वर पाहिले. तुळस दिसली, कुंकू दिसले. त्यांनी चपला मागे सरकविल्या, उजव्या हाताचा तळवा पुढे करून पुढच्या थेंबाची वाट पाहिली, तो पडताच डोळ्यांना लावला आणि उरलेला ओलावा डोक्यावरून फिरविला. मग बगलेतून पावतीपुस्तक काढून, त्यावर ओल्या हाताचा डाग पडणार नाही अशा बेताने ते म्हणाले,

"भिंतीवरील शेवाळ खरवडणे. आपला हिस्सा रुपये साडेतीनशे."